सुमनच्या व्हॅनचं तेल

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. पाणी उकळून आटलं तरी मी आपली ओट्याला धरून उभीच. आदल्या दिवशी तर दवाखान्यात तिच्याशी बोलून आले होते. बोलून म्हणजे काय... आवाज पार खोल गेलेला, आणि मला म्हणते कशी, "अक्का, व्हॅनचं तेल बघितलं का गं?" मी म्हटलं, "बये, आधी तुझं तर बघू दे की!" तर हसली. तेच शेवटचं.

सुमन माझी धाकटी जाऊ. सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझा दीर गेला तेव्हा दारात त्याची व्हॅन उरली आणि पदरात लहानगी मनीषा. जो तो म्हणाला, विकून टाक. ही म्हणाली, "विकून किती दिवस खायचं? चालवायला शिकते की." शिकताना दोनदा गटारीत घातली. गल्ली हसायला जमली, तर खिडकीतून मान काढून त्यांनाच म्हणाली, "हसून झालं असंल तर ढकला आता!" मग मोहोळच्या रस्त्यावरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायांची तिनं ने-आण सुरू केली. त्या बाया हाच तिचा संसार, आणि ते इंजिन हीच तिची चूल. इंजिन बसलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, हे ती कधी विसरली नाही.

आमची गल्ली सगळी उताराची. सपाट जागा एकच, विहारासमोरची फरशी. म्हणून रविवारी वंदनेला येताना ती व्हॅन घेऊनच यायची. इंजिन बंद करायचं, आत येऊन डोळे मिटून बसायचं, आणि वंदना संपली की बाहेर येऊन सीट उचलायची. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. तेल मोजायची पट्टी काढून नीट बघायची. तोवर वर चढलेलं तेल सगळं खाली उतरलेलं असायचं ना! कुणी चिडवलं, "सुमन, वंदनेला येतीस का तेलाला?" की म्हणायची, "दोन्हीला."

एकदा सकाळी बाया व्हॅनमध्ये बसलेल्या आणि आमच्या यांना काय सुचलं, उतारावरच सीट उचलून पट्टी काढली. टोकाला जेमतेम तेल. झालं! "सुमन, तेल संपलंय! इंजिन जाम होईल वाटेत!" हे ओरडले आणि तेलाचा डबा आणायला पळाले. बाया घाबरल्या. दोघी तर उतरल्याच. "आमी एसटीनं जातो बाई, वाटेत बंद पडली तर खाडा हुईल." मला वाटलं, आज दोघी उतरल्या, उद्या सगळ्या उतरतील...

हे डबा घेऊन आले, तशी सुमन म्हणाली, "भावजी, डबा राहू द्या. उतारावर तेल एका अंगाला जातंय, पट्टीला कसं लागंल? आणि जास्त ओतलं तरी इंजिनचं वाटोळंच." मग बायांना म्हणाली, "बसा. विहारापर्यंत चला, तितं डोळ्यानं बघा, मग उतरा." व्हॅन फरशीवर उभी केली, इंजिन बंद केलं आणि थांबली. एकीनं घाईघाईनं पिशवीतला कोरा टॉवेल पुढं केला. आपलं गावच टॉवेलांचं, पुसायचं म्हटलं की हात तिकडंच जातो. "नगं गं, त्याचं तंतू सुटतात, इंजिनात जातात," म्हणत सुमननं माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, धुऊन धुऊन साईसारखा मऊ झालेला. पट्टी काढली, पुसली, पुन्हा पार तळापर्यंत घातली, परत काढली आणि सगळ्यांसमोर आडवी धरली. तेल दोन खुणांच्या मधोमध!

"बघा, तुमच्या पोटापेक्षा माझ्या गाडीचं पोट भरलेलं हाय," म्हणाली. बाया हसत बसल्या. त्या दिवशीही कामावर वेळेत पोचल्या. आमचे हे डबा हातात घेऊन तसेच उभे, संध्याकाळी मात्र चौकात सगळ्यांना सांगत होते, "आमच्या सुमनला काय समजता?" मी तर किती दिवस मान ताठ करून चालत होते! आणि सांगते, तिच्या हयातीत ते इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही.

आता व्हॅन मनीषा चालवते. त्याच बाया, तोच रस्ता. सुमनच्या पुण्यानुमोदनानंतरच्या पहिल्या रविवारी तिनं व्हॅन विहारासमोर लावली आणि वंदनेनंतर मला म्हणाली, "मोठी आई, फडकं पार गेलंय गं." खरंच, माझ्या लुगड्याचा तो तुकडा काळा कुळकुळीत, नुसता चोथा. घरी येऊन मी सुमनचं कपाट उघडलं. तिची निळी साडी, गाडीवर जाताना नेसायची ती, हातात घेतली. फाडवेना... मग म्हटलं, घडी घालून ठेवली तर ही बाई मला झोपू देईल का? टर्रकन फाडली.

तुकडा घेऊन विहारासमोर परत आले. मनीषानं त्यानं पट्टी पुसली, घातली, काढली आणि माझ्यासमोर आडवी धरली. मी चष्मा वर सरकवून नीट बघितलं, आणि सुमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "मधोमध हाय गं!"