काजवालीचं दुसरं बाळंतपण

कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणायचे, कारण शर्टाची काजं करायच्या मशीनवर तिच्याइतका बसलेला हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी तिच्या शेजारी कॉलर जोडते. तोंडाने फटकळ होती. मुकादम ओरडायला आला की त्याच्याच शर्टाचं लोंबणारं बटण दाखवून त्याला गार करायची.

तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच आलं आणि संध्याकाळच्या आत गेलं. घरच्यांनी मशीनवरच्या कामावर खापर फोडलं. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा पोट दिसायच्या आधीच ती दवाखान्यात गेली. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थोडं जातं. बायकांचं चालायचंच," ही म्हणाली.

बाईंनी कापूस लावलेल्या काडीने आतला स्राव घेऊन तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला समोर बसवून सांगितलं, "आतल्या जंतूंचा तोल बिघडलाय. पुष्कळजणींना होतं, कितीतरी जणींना कळतही नाही. याने दिवस भरायच्या आधी कळा सुरू व्हायचा धोका वाढतो, आणि तुझं तर एकदा तसं झालंय. आठवडाभर गोळ्या घे, मग परत तपासू. सगळं नीट होईलच अशी हमी देत नाही. पण घे."

"कुणाकडून लागलं का मला?"

"नाही गं. यात कुणाच्या वागण्याचा प्रश्न नाही."

हे तिने घरी जसंच्या तसं सांगितलं. सासूने हातातलं काम खाली ठेवलं.

"इन्फेक्शन? तिथे? कुठून आणलंस हे?"

"आणायला काय दुकानात मिळतं?"

"ऐकलंस?" सासू मुलाकडे वळली. "आमची चार बाळंतपणं झाली, कुणी काड्या घालून बघितलं नाही!"

नवरा सामानाची गाडी चालवायचा. हात उगारणारा माणूस नव्हता तो. त्याने एवढंच विचारलं, "तुमच्या कारखान्यात पुरुष किती आहेत?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा म्हणाली, "चला माझ्याबरोबर. डॉक्टरबाईच सांगतील."

"असल्या गोष्टी विचारायला जाऊ? मला चार लोकांत तोंड दाखवायचंय."

गोळ्यांची पट्टी त्याने खिशात घातली. आधी खरं काय ते सांग, मग मिळतील, म्हणाला. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिने दुसऱ्या गोळ्या आणून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या. कामावर आल्या आल्या एक घ्यायची, सुटताना एक. दोन दिवस झाले असतील, तोच नवऱ्याने तिचं कामावर येणं बंद केलं. मी पट्टी घेऊन घरी गेले, तर सासूने दारातच सांगितलं, "झोपलीय ती." आतून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता.

सातव्याच महिन्यात पाणमोट फुटली. मुलगी झाली. काचेच्या पेटीत आठवडाभर तगली. आत हात घालून तिच्या पायाला बोट लावायची परवानगी होती, तेवढं ही करायची.

सगळं संपल्यावर नवऱ्याने चाचरत डॉक्टरबाईंना विचारलं, "त्या गोळ्या घेतल्या असत्या तर?"

"सांगता येत नाही. कदाचित दिवस भरले असते, कदाचित नसते. गोळ्या घेऊनही काहींचं लवकर होतं. पण तुम्ही तिला घेऊ द्यायला हव्या होत्या."

शेवटचं वाक्य घरी कुणी आणलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासू एकच सांगायची, "डॉक्टरच म्हणाल्या, गोळ्यांनी काही झालं नसतं." बाईंचा प्रामाणिकपणा असा त्या घराच्या कामी आला.

ती कामावर परतली. काही महिन्यांनी मला म्हणाली, "नवरा म्हणतो, पुढच्या खेपेला गोळ्या मी स्वतः आणून देईन."

"मग?"

"मग काय! मोठ्या मनाचा आहे." हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने एकटीने जाऊन तांबी बसवून घेतली. माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. सुनेची कूस कोरडी पडली, असं सासू आता शेजारणींना सांगते. मुलासाठी दुसरी बघावी का, हेही तिच्यासमोरच बोलून झालंय. नवरा मान खाली घालून ऐकतो.

"सोडून का जात नाहीस?" मी परवा विचारलं.

"कुठे?" ती म्हणाली. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि आम्ही दोघी आपापल्या मशीनवर बसलो.