जीपला लावलेली पायरी

"कापलीस ना?"

"कापली नाही, काढली."

"ग्राइंडर लावून? त्याला काढणं म्हणतात?"

"ओरडू नकोस, ओदिल. टाके उसवतील."

ओदिल लकानू कोठाराच्या दारात दोन कुबड्यांवर उभी होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती त्याच दुपारी घरी परतली होती, आणि घरात शिरायच्या आधी कोठाराकडे आली होती. जीपच्या उजव्या अंगाला, जिथे तिच्या आठवणीत कायम एक लोखंडी पायरी होती, तिथे आता गुळगुळीत पत्रा होता. त्यावरचा लष्करी हिरवा रंग अजून ओला वाटत होता.

"चव्वेचाळीस साली या जीपला पायरी नव्हती," तिचा नवरा जेर्वे म्हणाला.

"चव्वेचाळीस साली मीही नव्हते."

"तेच म्हणतोय मी."

तिची बॅग धरून मागे उभी असलेली मुलगी, क्लारीस, फसकन हसली आणि मग खोकल्यासारखं केलं. "आई, चल आत. बाबांनी फेकली नाहीये काही. ती बघ."

भिंतीवर खिळ्याला पायरी टांगलेली होती. जेर्वे जुन्या गाड्यांचा कुठलाच तुकडा टाकत नसे. पायरीला त्यानं दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती: नंतरची जोड, मूळची नाही.

ती जोड ओदिलच्या बापानं, आंतीमनं, लावली होती. अमेरिकन सैन्य गेल्यावर मागे राहिलेल्या गाड्यांच्या लिलावात आंतीमनं ही जीप घेतली, ती शेतीसाठी. तिनं नांगर ओढला, सायडरच्या दारूसाठी सफरचंदं घाण्यावर नेली, अडलेल्या गाईंसाठी गुरांचा डॉक्टर आणला. ओदिलला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय काठीसारखा राहिला, तेव्हा आंतीमनं मोडक्या नांगराचं लोखंड घेतलं, त्यावर पाय घसरू नये म्हणून छिन्नीनं चरे पाडले आणि जीपला वेल्ड करून टाकलं. तो तिला कधी उचलून बसवत नसे. "चढ," म्हणायचा आणि दुसरीकडे बघत उभा राहायचा. शाळेच्या फाटकापाशी पोरं तिच्या चालण्याची नक्कल करत, पण जीपमधून उतरताना कुणी करत नसे.

जेर्वे पलीकडच्या गावातल्या गॅरेजात कामाला होता. तो पहिल्यांदा घरी आला तो जीप बघायला. बॉनेट उघडून तासभर त्यात डोकं घालून बसला आणि निघताना ओदिलला म्हणाला, "यातलं सगळं मूळचं आहे!" तिला वाटलं, हा माणूस खूश झाला की बरा दिसतो. लग्नाच्या जेवणात त्याचा काका सायडर पिऊन उठला आणि ग्लास वर करून ओरडला, "पोरगं हुशार निघालं! लग्न जीपशी लावलं, वर दीड पाय फुकट!" मांडवभर हशा पिकला. ओदिलनं नवऱ्याकडे पाहिलं. तोही हसत होता.

पुढे आंतीम गेला आणि शेत, कोठार, जीप ओदिलकडे आलं. कोठारात एकेक करत लष्करी ट्रक आला, रुग्णवाहिका आली, इंग्रजांची खुली गाडी आली. जेर्वे त्या गंजलेल्या आणायचा आणि पहिल्या दिवशी होत्या तशा करायचा. लोक त्याच्या हाताची तारीफ करत. ताडपत्र्या ओदिल शिवायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ठेवायचं काम तिचं. आणि दरवर्षी सहा जूनला, महायुद्धात, चव्वेचाळीस साली, दोस्तांचं सैन्य इथल्या किनाऱ्यावर उतरलं त्या दिवसाच्या मिरवणुकीत, ती बापाच्या जीपमध्ये पुढे बसायची. पायरीवर पाय, हात कडीला, की वर. वर्षातून एकदा सगळं गाव तिला वर मान करून बघायचं.

यंदा सत्तरावं वर्ष होतं. हिवाळ्यात जेर्वेनं ठरवलं की बॉनेटवरचा लष्कराचा मूळ नंबर शोधायचा. तो आंतीमनं चढवलेल्या रंगांखाली असणार. त्यासाठी ओला पॉलिश पेपर इतक्या हलक्या हातानं फिरवावा लागतो, की एक रंग निघावा आणि खालचा राहावा. जेर्वेचा हात जड. तो म्हणाला, "हे तुझं काम. तुझं वजन तसंही पायावर पडत नाही." ओदिल स्टुलावर बसून हिवाळाभर घासत राहिली. आधी आंतीमचा ट्रॅक्टरसारखा हिरवा गेला, मग निळा, आणि एका सकाळी बॉनेटच्या दोन्ही अंगांना पांढरे आकडे वर आले, फिकट, कडा खाल्लेले, पण पूर्ण. जेर्वे चक्क रडला. पहिला फोन त्यानं जुन्या लष्करी गाड्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाला, देर्यूला, केला. देर्यू म्हणाला, असा नंबर असलेली जीप जिल्ह्यात दुसरी नाही, मिरवणूक तिच्याच मागून निघेल, फक्त मूळचं नसलेलं काही तिच्यावर नको.

आणि ओदिल इस्पितळात असताना जेर्वेनं ग्राइंडर काढला.

"मग मी बसणार कशी?" तिनं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"तेच तर. पायरीच नाही," जेर्वे म्हणाला, जणू ती वाऱ्यानं उडून गेली होती. "सेव्हरीन बसेल. युद्धातल्या नर्सचा गणवेश तिला छान होतो."

सेव्हरीन म्हणजे औषधाच्या दुकानवाल्याची बायको.

"गणवेश माझ्याकडेही आहे."

"तुझ्याकडे आहे गं, पण तू त्यात आहेस कुठे? तू त्याच्या बाहेर असतेस. युद्धात कुणी जाड नव्हतं, ओदिल. लोक फोटो काढतात."

"आई, तुला आम्ही नगरपालिकेसमोर चाकाच्या खुर्चीत बसवू," क्लारीस म्हणाली. "पहिल्या रांगेत. हातात झेंडा देऊ."

"कुठला?"

"तुला आवडेल तो."

ओदिलनं चीज कापलं आणि सगळ्यांना वाढलं.

शनिवारी जेर्वे आणि क्लारीस सेव्हरीनकडे तिचा गणवेश आवळायला गेले. ओदिल कुबड्या टेकत कोठारात आली. हिवाळ्यातलं स्टूल तिथेच होतं, बादलीही. तिनं पाणी घेतलं, पण पॉलिश पेपर यावेळी खडबडीत घेतला. हिवाळाभराचं काम तासाभरात उतरलं. पांढरं पाणी बॉनेटवरून ओघळून चाकावर गळत राहिलं. एका बाजूचं झाल्यावर दम लागला. तिनं थोडा वेळ बापाच्या पायरीकडे पाहिलं, स्टूल सरकवलं आणि दुसरी बाजू घेतली. नागडा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत ती थांबली नाही. मग दार लावून आली आणि उद्याच्या जेवणाचा ससा सायडरमध्ये मुरत घातला.

रविवारी देर्यू जेवायला होता. जेवणाआधी जेर्वे त्याला जीप दाखवायला घेऊन गेला. ओदिल दालचिनीच्या खिरीवरची भाजलेली साय चमच्यानं फोडत होती, तेव्हा कोठारातून आवाज आला, माणसाचा वाटू नये असा. जेर्वे परत आला तो भिंत धरून. देर्यू टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"चोर," जेर्वे म्हणाला. "कुणीतरी रात्री... नंबर... क्लारीस, पोलिसांना फोन कर."

"मी घासला," ओदिल म्हणाली.

 जेर्वे रडू लागला, आकडे सापडले त्या दिवशी रडला होता तसाच.

"परत रंगवता येईल," क्लारीस घाईघाईनं म्हणाली. "बाबा, आकडे आपल्याला माहीत आहेत ना?"

"रंगव की," ओदिल म्हणाली. "पण ते नंतरचे होतील. चिठ्ठी बांधावी लागेल."

जेर्वे खुर्चीत बसला. "तू माणूस नाहीस," तो म्हणाला. "दीड पायाची सैतान आहेस तू."

"बसा, देर्यू साहेब, ससा गार होतोय." तिनं त्याच्या ताटात वाढलं, मग नवऱ्याच्या, मग मुलीच्या. मग आपली खुर्ची ओढून घेतली. "उद्या सकाळी लोहार येतोय. पायरी होती तिथेच बसेल. सहा तारखेला पुढे मी बसणार. सेव्हरीनला कळवा, तिला यायचं असेल तर मागे जागा आहे."