सीताबाईच्या पदरातले खडे

चामोर्शीजवळच्या आमच्या गावातून आम्ही अकरा बाया लुंबिनीला निघालो, तेव्हा सीताबाईच्या बटव्यात शंभराच्या वीस नोटा होत्या. त्या तिच्या नव्हत्या. विहारात ठेवायला बुद्धमूर्ती आणायची म्हणून वस्तीने जमवलेल्या. गावाचा एवढा विश्वास दुसऱ्या कोणावर नव्हता. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माझ्यावरही नाही.

सीताबाई शिकली चौथीपर्यंत. चाळीस उन्हाळे तेंदूपत्त्याच्या फळीवर गेले, म्हणजे पानांचे पुडे मोजून घेतात तिथे. ठेकेदाराचा मुन्शी शंभरामागे चार-पाच पुडे न सांगता जास्तीचे ठेवून घ्यायचा. म्हणून शेकडा झाला की ही पदराच्या गाठीत एक खडा टाकायची, आणि खडे वहीशी जुळल्याशिवाय हलायची नाही.

सोनौलीला, नेपाळच्या सीमेवर, आमचा टूरवाला विक्की बसमध्येच पैसे बदलून देऊ लागला. चंद्रपूरचा पोरगा, बोलायला गोड. आपल्या शंभराचे दीडशे नेपाळी. मी पाच हजार दिले, साडेसात हजार घेतले आणि खूष झाले. सीताबाईने बटवा उघडलाच नाही.

"शंभराचे दीडशे कोन देते बाई? ज्याले आपल्याकडून काही घ्याचं असते, तोच."

त्यांचा रुपया स्वस्त आहे, यात फसवणूक नाही, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायचा मला कंटाळा आला.

लुंबिनीत मात्र तिचंच चुकलं. चहा तीसचा, म्हणून तिने आपले तीस दिले. चहावाल्याने ते गुपचूप गल्ल्यात टाकले. आपले दहा रुपये जास्त गेले, हे मी तिला जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. ती उठली, दुसऱ्या चहावाल्याकडे गेली, मग औषधाच्या दुकानात, मग एका रिक्षावाल्याकडे. तिघांना एकच प्रश्न: आमच्या शंभराचे तुमचे किती? तिघेही म्हणाले, एकशेसाठ. पदरात तीन खडे पडले.

मूर्तीवाला साडेतीन हजारांवरून बत्तीसशे नेपाळीवर आला आणि तिथेच अडला. विक्कीच्या दराने सीताबाईच्या नोटांचे तीन हजारच होत होते. विक्की सोबत होताच. म्हणाला, मावशी, बदलून देतो, वरचे दोनशे माझ्याकडून.

सीताबाईने वीस नोटा फळीवरच्या पुड्यांसारख्या पाच-पाचच्या ओळींत मांडल्या आणि दुकानदाराला हिशेब करायला सांगितला. त्याने कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला. बरोबर बत्तीसशे. मग तिने तीन खडे विक्कीपुढे ठेवले.

"शंभरामागं दहा काऊन ठेवून राह्यला?"

"मेहनत नाई का मावशी माझी?"

"मेहनत सांगून घ्याची, बाबू. मुन्शीबी सांगत नव्हता."

म्हणजे माझे पाचशे नेपाळी गेले होते. गणिताच्या बाईचे. मी तिथेच मागितले. विक्कीने दोनशे काढून दिले, उरलेले चंद्रपूरला देतो म्हणाला.

परतताना सीताबाईने मूर्ती मांडीवरच ठेवली, विक्कीच्या डिकीत जाऊ दिली नाही. बसमध्ये तिने पदरातला एक खडा काढून माझ्या पर्समध्ये टाकला.

"तो देईपर्यंत राहू द्या."

मूर्ती विहारात बसून चार महिने झाले. खडा अजून पर्समध्येच आहे.