झडपेखालचा ओंडका

दाजी पाण्यात बुडी मारून पोट भरायचे. विहिरीत पडलेला पंप, नदीत बुडालेली होडी, पुलाच्या खांबाला गुंतलेलं जाळं, असं जे लोकांच्या हाताबाहेर गेलेलं असे ते दाजी वर काढून देत. एकदा तर एका म्हाताऱ्याची कवळी त्यांनी विहिरीच्या तळातून शोधून आणली, आणि म्हाताऱ्याने ती तिथल्या तिथे विसळून तोंडात बसवली. ही गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. माणसंही काढली होती त्यांनी. त्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. त्यांचा मेहुणा काठावर बसून कंप्रेसर सांभाळायचा, दोर धरायचा, आणि सारखा 'दाजी, दाजी' करायचा. ऐकून ऐकून सगळं गावच तसं म्हणू लागलं. कंप्रेसरमधून नळीने हवा खाली जायची. दोराचं दुसरं टोक दाजींच्या कमरेला. एक झटका म्हणजे ठीक आहे, एकामागून एक झटके म्हणजे वर ओढ. पाण्याखाली एवढीच भाषा. "तुझी बहीण माझ्याशी इतकंच बोलली असती तर," दाजी घरी मेहुण्याला म्हणायचे, आणि आतल्या खोलीतून बायकोचा आवाज यायचा, "ऐकू येतं हं मला."

घर बांधाखालच्या गल्लीत. दोन खोल्या, मागच्या भिंतीला कायमची ओल, दाराशी वाळत घातलेला रबरी पोशाख. मागच्या खिडकीतून गवताने झाकलेला मातीचा उंच उतार दिसायचा आणि त्याच्या पलीकडे तलाव. धरण फार जुनं, पण लहान, म्हणून त्याला कोणी धरण म्हणतच नसे. नुसता बांध. दाजींच्या बायकोने त्या खिडकीला जाड पडदा शिवून लावला होता.

"डोक्यावर पाणी उभं आहे असं वाटतं मला," ती म्हणायची.

"आजवर पडलं का डोक्यावर?" दाजी हसायचे.

त्या वर्षी पाऊस थांबेचना आणि तलाव काठोकाठ भरला. बांधाच्या पायथ्याशी थोडं पाणी नेहमीच झिरपायचं, बायका त्यात भांडी धुवायच्या. एका सकाळी ते चहासारखं गढूळ दिसायला लागलं. पाटबंधारे खात्याच्या इंजिनीअर बाई तातडीने आल्या. दाजींची मुलगी शोभेल अशा वयाच्या, पण शांत, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी ते पाणी एका बाटलीत धरलं आणि बाटली जरा वेळ तशीच ठेवली. तळाशी माती बसली.

"झिरपणं चालतं," त्या म्हणाल्या. "मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच. पण ते माती बाहेर आणत असेल तर बांध आतून पोखरला जातोय. तलाव लगेच उतरवायला हवा. आणि पाणी सोडायची तळाची झडप अडकलीय. तिचं वरचं चाक ना इकडे फिरत, ना तिकडे. खाली काय आहे ते बघून सांगाल?"

दाजी उतरले. झडपेच्या दगडी भिंतीला हात लावून ते खाली जात राहिले. थोड्याच वेळात डोळे असून नसल्यासारखे झाले. तळाशी झडप हाताला लागली. ती जेमतेम उघडी होती आणि फटीत एक ओंडका आडवा रुतला होता. फटीतून पाणी जोरात आत ओढलं जात होतं. दाजी बाजूला सरकले आणि भिंत चाचपू लागले. जिथे दगडी भिंत संपून माती सुरू होते, तिथे त्यांचा हात एका पोकळीत गेला. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा. आतही पाण्याची ओढ होती.  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सलग झटके दिले.

वर आल्याआल्या त्यांनी मुखवटा काढला. "पाणी नुसतं झडपेतून जात नाही, बाई. भिंतीच्या कडेने जातंय. माझा अख्खा हात आत गेला."

 बाईंनी तिथूनच फोन करून खालची गल्ली रिकामी करायला सांगितली. मग दाजींकडे वळल्या.

"ओंडक्याला साखळी लावता आली तर काठावर उभी केलेली क्रेन तो ओढेल आणि झडप उघडेल. पण तिथे ओढ आहे. पाय आत गेला तर आम्हाला तुम्हाला सोडवता येणार नाही. मी पुन्हा जा म्हणणार नाही."

"नाही उघडली तर?"

"तर बांध किती टिकेल, मला सांगता येत नाही."

मेहुणा उठून उभा राहिला. "दाजी, ताई घरात एकटी आहे."

"तू जा. तिला वरच्या शाळेत ने. ती कपडे बांधायला लागेल, ऐकू नकोस, उचलून ने. कंप्रेसर क्रेनवाला बघेल, दोर बाई धरतील."

"मी कधी धरला नाही," बाई म्हणाल्या.

"सोडू नका. बाकी काही नाही त्यात."

मुखवट्याचा पट्टा दाजींच्या हातून दोनदा सुटला, शेवटी क्रेनवाल्याने लावून दिला. पुन्हा तोच अंधार. या वेळी दोराच्या टोकाला अनोळखी हात होते. झटका यायचा तो भलत्या वेळी, भलत्या जोराने, आणि प्रत्येक वेळी दाजी हातातलं काम थांबवायचे. गल्लीतलं घर, पडदा, बायको मनात यायला लागली की ते मोठ्याने आकडे म्हणायचे. मुखवट्यात तो आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. ओंडक्याखालून साखळी ओवताना वाळू आणि खडे त्यांच्या बोटांवरून घरंगळत त्या पोकळीकडे जात होते. धरण हाताखालून निघून चाललं होतं.

साखळीची कडी अडकली आणि त्याच क्षणी डावा पाय ओढला गेला. घोट्यापर्यंत फटीत. दाजींनी दोराला हिसके दिले. वरून ओढ आली, कमरेत असह्य कळ आली, पण पाय सुटेना. नळीतून हवा येत होती तरी श्वास पुरेना. त्यांनी चाचपडत पायातल्या पोहण्याच्या रबरी पंज्याचा पट्टा सोडला. पंजा आत गेला आणि पाय बाहेर आला.

वर काढलं तेव्हा बाईंच्या तळहातांची साल निघाली होती. दोर मात्र त्यांच्या हातातच होता.

क्रेनने ओंडका खेचला. मग चौघांनी मिळून चाक फिरवलं. आधी किरकिर, मग बांधापलीकडून पाण्याचा दणका ऐकू आला. दाजी काठावर बसून ओकले. शाळेच्या आवारातून बायको अनवाणी धावत आली, शेजारी बसली आणि त्यांचा सोललेला पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. 

तलाव उतरायला दिवस लागले. ते सगळे दिवस गल्लीतले लोक शाळेत जीव मुठीत धरून बसले. एका दुपारी बांधाचा एक भाग धपकन आत बसला, पण तोवर पाणी त्याच्या खाली गेलं होतं. कुणाच्या घराला धक्का लागला नाही. बाईंनी दाजींना रिकाम्या तलावात नेऊन ती पोकळी दाखवली. आत दोन माणसं उभी राहिली असती. दाजींनी एकदा डोकावलं आणि मागे फिरले.

पुढे बांध दुरुस्त झाला, गल्ली पुन्हा भरली. बाईंनी दुसऱ्या एका जुन्या धरणासाठी निरोप पाठवला, तेव्हा दाजींनी स्पष्ट सांगितलं, "मला भीती वाटते. मी उतरणार नाही." बाई म्हणाल्या, "मलाही वाटते," आणि पुन्हा विचारलं नाही. आता दाजी पंपदुरुस्तीचं दुकान चालवतात. विहिरीच्या काठाशीही जात नाहीत.

त्यांचं बिऱ्हाड मात्र गल्लीत परत गेलं नाही. "तुम्ही आत काय पाहिलंत ते मला सांगू नका," बायको म्हणाली होती. "फक्त घर बदला." दाजींनी टेकडीवर एक खोली घेतली. तिथे पाणी रोज खालून वाहून न्यावं लागतं. ते काम बायको करते, आणि कुरकुर करत नाही.