सुळे कोणावर चालतात?

आमच्या घराण्यात रक्त पिण्याचे नियम लिहून काढणारा पहिला माणूस मी.

त्याआधी आमचं रक्त बिननियमाचंच पिलं जायचं. दिवाळी झाली की अण्णा आणि माय कोयते गुंडाळून ऊसतोडीला निघायचे, ते गुढीपाडव्यानंतर परतायचे. तिकडे त्यांना मुकादम प्यायचा, इकडे पाथरीच्या वसतिगृहात मला ढेकूण प्यायचे आणि मावशीकडे शिकायला ठेवलेल्या माझ्या बहिणीला, कमलला, मावशीची सासू! अशा चौफेर उपशातून मी बी.ए. झालो. (बंद आणि मोर्चांच्या त्या वर्षांत परीक्षा इतक्यांदा पुढे गेली की तोच अभ्यास मी तीनदा विसरलो. तरी झालो!) भावकीत बी.ए. मी एकटाच. अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे यायचे. कोणी आलं नाही तर मीच लोकांकडे जायचो.

कॉलेजात असताना परदेशी रक्तपिशाचांची एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. निम्मी कळली. उरलेल्या निम्मीवर मी पत्त्यांचा एक खेळ तयार केला. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला पिशाचं काढली. (दुसऱ्या बाजूला छापील गणपती. त्यामुळे आमचं पिशाच पालथं पडलं की लोक हात जोडायचे.) प्रत्येकाला दहा चिंचोके, म्हणजे त्याचं रक्त. ‘सुळे’ असलेला पत्ता टाकला की दुसऱ्याचे तीन चिंचोके आपले. ज्याच्यावर टाकला त्याच्याकडे ‘लसूण’ असेल तर तो वाचला. चिंचोके संपले की माणूस बाद. गल्लीतली पोरंसोरं दोन लसूण देऊन एक सुळे अशी अदलाबदल करायची. सगळे मिळून अकरा नियम मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि सहीखाली ‘बी.ए.’ लिहिलं.

त्या उन्हाळ्यात कमलला बघायला सेलूहून पाहुणे आले. मुलगा दत्ता, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्याचे वडील तात्या, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. आणि तात्यांची बहीण, आत्या, जिच्या होकाराशिवाय त्या घरात भाकरीसुद्धा उलटत नसावी. पोहे झाले, नावगाव विचारून झालं. कमल दहावी पास झालेली, तिला पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं. ते अण्णांनी दबकत सांगितलं.

“बघू,” तात्या म्हणाले.

“पोरीच्या जातीला लय शिकून काय करायचंय?” आत्या म्हणाल्या. संपलं! कमल उठून चुलीपाशी गेली. स्थळ चांगलं, पण तिची शाळा त्या ‘बघू’मध्ये अडकली.

पाहुणे निघणार, तेवढ्यात निरोप आला की सेलूची गाडी वाटेत बंद पडलीय, जीप यायला दोन तास लागतील. बोलायचं सगळं बोलून झालेलं. सहा माणसं एकमेकांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. अण्णा चारदा “ऊन लय हाय” म्हणाले. मग तात्यांना कोनाड्यातला पत्त्यांचा डबा दिसला.

“हे काय हाय?”

“मी तयार केलेला खेळ हाय,” मी छाती काढून म्हणालो. “रक्तपिशाचांचा.”

मायनं कपाळावर हात मारला. पण तात्या पत्त्यांचे शौकीन निघाले. “मांडा की मग!” म्हणून पुढे सरकलेसुद्धा. मी नियम सांगितले, पत्ते वाटले.

पहिलाच पत्ता अण्णांना सुळ्यांचा आला. पंचवीस वर्षं ऊस तोडलेला माणूस, पण एवढासा पत्ता त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

“ह्यो कोनावर टाकायचा?”

“कोणावरबी. सातवा नियम.”

अण्णांनी तात्यांकडे बघितलं. वरबाप! आत्यांकडे बघितलं. अरे बाप रे! दत्ताकडे बघितलं. होऊ घातलेला जावई! मुलीच्या बापानं वरपक्षाचे पाय धुवायचे असतात, रक्त कसं प्यायचं? शेवटी त्यांनी डोळे मिटून पत्ता मायवर टाकला.

“जलमभर पिलंच की,” माय म्हणाली, “आता पाव्हण्यांदेखत बी प्या!”

मायला सुळे आले, तिनं ते माझ्यावर टाकले. मला आले, मी अण्णांवर टाकले. पाहुणे मात्र बिनघोर आमच्यावर टाकत होते. चार फेऱ्यांत आम्ही मायलेक आणि बाप पांढरेफटक पडलो आणि समोर वरपक्षाच्या मांडीशी चिंचोक्यांचे ढीग लागले.

तात्यांच्या कपाळावर आठी पडली. “थांबा. तुमी आमाला मुद्दाम जिकवायलेत का?”

“न्हाई, न्हाई!”

“मग आमच्यावर एकबी सुळा कावून पडंना? आमी काय लेकरं हाव का? वही आना ती!”

वही आली. सातवा नियम तात्यांनी दत्ताकडून मोठ्यानं वाचून घेतला. ‘सुळे कोणावरही चालतात.’

आता ‘तुम्ही मुलाकडचे म्हणून’ असं तोंडावर कसं सांगायचं? अशा वेळी अडाणी माणूस गप्प बसला असता. मी बी.ए. होतो. म्हणालो, “त्याला पोटनियम हाय. लिहायचा राहिलाय.” आणि तिथल्या तिथे लिहिलं: ‘पाहुण्यांवर सुळे चालत नाहीत.’

“पाव्हणे?” आत्या फणकारल्या. “उद्या सोयरीक झाली तर आमी पाव्हणेच ऱ्हानार का? म्हंजे तुमच्या मनात न्हाईच म्हना!”

मी घाईघाईनं ‘पाहुण्यांवर’ खोडून ‘सोयऱ्यांवर’ लिहिलं.

“सोयरे?” आता तात्या उसळले. “आमी अजून व्हय म्हनलं न्हाई आन ह्ये पोरगं कागदावर लिवून मोकळं झालं! सही बी हाय खाली!”

पाहुणे लिहावं तर सोयरीक मोडते, सोयरे लिहावं तर जबरदस्तीनं जमते! अण्णा माझ्याकडे असे बघत होते, जणू माझ्या शिक्षणाऐवजी एक म्हैस घेतली असती तर बरं झालं असतं. मी घाम पुसला आणि नातं टाळून तिसरा मसुदा केला: ‘वयाने मोठ्या माणसावर सुळे चालत नाहीत.’ यात कोणाला काय दुखणार?

“ह्ये बराबर हाय,” तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “इथं मोठा मीच.”

एवढ्यावर थांबायचं, तर मी पुराव्याच्या मागे लागलो! कोणालाच जन्मसाल माहीत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, “रझाकारांच्या येळेला तुमी केवढे होता?”

“मी मायच्या कडंवर होतो म्हनं,” तात्या म्हणाले.

“मी गुरं राखायचो,” अण्णांच्या तोंडून निसटलं. आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

पांढऱ्या मिशांचे तात्या आमच्या काळ्या मिशांच्या अण्णांहून आठ-दहा वर्षांनी लहान निघाले!

“कलप लाव, कलप लाव म्हनून कवापासून सांगायले मी ह्याला,” आत्या म्हणाल्या.

नियमाप्रमाणे अण्णांचे घेतलेले चिंचोके तात्यांना परत करावे लागले. ते एकेक चिंचोका असा आपटत होते की प्रत्येक आवाजाला कमलचं लग्न एकेक वर्षानं पुढे जात होतं. अण्णा “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या” म्हणत ते पुन्हा त्यांच्याकडे सरकवत होते. मी चौथा पोटनियम लिहायला पेन उघडला.

“भाऊ, वही दे हिकडं.”

कमल चहा घेऊन आली होती. तिनं ताट खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझे तिन्ही पोटनियम सातव्या नियमासकट एका रेघेत खोडले.

“सुळे आपल्या डाव्या हाताला जो बसलाय त्याच्यावर,” ती म्हणाली. “त्यो कोन, कोनाचा, केवढा, इचारायचं न्हाई.”

मी लिहिलेल्या अकरा नियमांत एवढं साधं वाक्य एकही नव्हतं.

“आन तुज्या डाव्या हाताला कोन बसनार?” तात्यांनी विचारलं.

“तुमी,” कमल म्हणाली आणि त्यांच्या उजवीकडे येऊन बसली.

नवा डाव पडला. मी डोळ्यांनी तिला खुणावत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं सुळे टाकले. “तात्या, तीन.” पुन्हा टाकले. “तात्या, तीन.” तिसऱ्यांदा तात्यांनी लसूण काढला. तिनं शांतपणे एक फेरी जाऊ दिली, मग पुन्हा तीन घेतले. शेवटी तात्यांसमोर एकच चिंचोका उरला. तोही तिनं उचलला. “तात्या, तुमी बाद.”

मायनं तोंडात पदर कोंबला. अण्णांनी “ऊन लय हाय” म्हटलं.

“मला चालतंय,” दत्ता म्हणाला. नियम वाचून दाखवला तेवढा सोडला, तर सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

“तुला कोनी इचारलं?” आत्या म्हणाल्या.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तात्या उठले, टोपी घातली. उंबऱ्याबाहेर चपला घालताना वळले.

“पोरीला शिकू द्या,” ते अण्णांना म्हणाले. “मास्तरीण झाली की मग नांदायला धाडा.”

“म्हंजे व्हय म्हनलात?” अण्णांनी विचारलं.

“व्हय म्हनू न्हाई तर काय करू? असली पोरगी दिसभर घरात बसली तर मी एकटाच हाय की हो तिच्या डाव्या हाताला! शाळंत चाळीस-पन्नास लेकरं तरी असत्याल.”

कमल बारावी झाली, डी.एड. झाली आणि सेलू तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. आमच्या घरात दरमहा येणारा पहिला पगार तिचा. घराण्यातला पहिला पदवीधर मीच आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र आजही बैठकीच्या भिंतीवर आहे. त्याची चौकट कमलच्या पगारातून आली.