सिपो गिरीजला आला तेव्हा

गिरीजमध्ये शंकर राऊतांची वाडी विचारली, तर लोक आजही उलट विचारतात, "कोण, बाजावाले शंकरभाऊ?" आता त्यांची सत्तरी उलटली. पुढचे दात गेले, त्यामुळे ट्रम्पेट ओठांवर टिकत नाही. केळीला पाणी द्यायचं, पानवेली बांधायच्या, असा दिवस जातो. पण जॅझचं नाव काढलं की हातातलं काम खाली राहतं. वाडीतल्या माणसाच्या वाट्याला हे आलंच कसं, याचं नवल त्यांच्या मनातून अजून ओसरलेलं नाही.

शंकरला बाजाचं वेड लागलं तेव्हा तो विशीत होता. शेजारच्या भुईगावात फर्डिनंड मास्तरांचा बँड होता. लग्न ख्रिस्ती घरचं असो की हिंदू घरचं, वरातीपुढे वाजणार तो मास्तरांचाच बँड. शंकर वाडीतलं काम उरकून सायकलवर मास्तरांकडे जायचा. वडील चिडायचे. "केळी सोडून पितळ फुंकायला निघालाय!" आई, बायजा, चुलीपाशीच बसून म्हणायची, "फुंकू द्या की. दारूच्या गुत्त्यावर तर जात नाही ना!"

मास्तरांच्या ओसरीवर एक मोठा रेडिओ होता. शनिवारी संध्याकाळी ते त्याचा काटा अगदी हळू फिरवत अमेरिकेचं स्टेशन लावत. आधी बातम्या, मग जॅझ. अशाच एका शनिवारी बातम्यांत सायगाव पडल्याचं सांगत होते. व्हिएतनामचं युद्ध संपलं, असं मास्तरांनी शंकरला समजावून सांगितलं. मग खरखरीतून एक ट्रम्पेट वर आलं. असं ट्रम्पेट शंकरने कधी ऐकलं नव्हतं. ते हसत होतं, मध्येच थांबून विचार करत होतं, रागावून पुन्हा बोलायला लागत होतं.

"मास्तर, हा कुठला सुरांचा कागद बघून वाजवतोय?"

"कागद नाही रे. आत्ता सुचतंय ते वाजवतोय."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर त्या चुकीवरच पुढचं बांधतो," मास्तर म्हणाले.

शंकर त्या संध्याकाळी न जेवता झोपला. कागदाशिवाय वाजवायचं म्हणजे शिडीशिवाय माडावर चढायचं, आणि तेही माड आधी तिथे नसताना, असं काहीसं त्याला वाटत राहिलं.

पुढे लग्न झालं, यशोदा घरात आली, आणि मास्तरांच्याच ओळखीने शंकरला प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये काम मिळालं. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. जहाजावर सगळं कागदावरचं. म्हाताऱ्या जोडप्यांच्या नाचासाठी रोज तेच ते. शंकर एक सूर इकडचा तिकडे होऊ देत नसे.

त्या बँडचा पियानोवाला होता सिपो. दक्षिण आफ्रिकेचा. पंचविशी गाठायच्या आत एका नाटक मंडळीबरोबर देशाबाहेर पडला तो पडलाच. तिथे गोऱ्यांचं राज्य, काळ्या माणसाला मत नाही, राहायचं कुठे तेही सरकार ठरवणार. सिपोने परदेशात त्याविरुद्ध चार शब्द बोलून दाखवले आणि परतीचं दार बंद झालं. आई वारली तेव्हाही जाता आलं नाही. हे सगळं शंकरला इतरांकडून कळलं. सिपो घराबद्दल कधी बोलत नसे आणि घरची चाल कधी वाजवतही नसे.

एकदा केबिनमध्ये कपाट आवरताना शंकरचा पासपोर्ट खाली पडला. सिपोने तो उचलून चाळला आणि एका पानावर थबकला. त्या काळच्या आपल्या पासपोर्टवर छापलेलं असे, की हा दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला चालणार नाही. शंकरने ती ओळ कधी नीट वाचलीही नव्हती.

"हे काय आहे?" सिपोने विचारलं.

"तुमच्या सरकारशी आमच्या देशाने संबंध तोडलेत. म्हणून तिकडे जायचं नाही."

"सगळ्यांच्या पासपोर्टवर आहे?"

"सगळ्यांच्या. माझ्या गावातून उद्या कोणी काढला, तरी असेल."

सिपो त्या ओळीवरून अंगठा फिरवत राहिला. "म्हणजे तुझ्या गावातल्या केळीवाल्यांनासुद्धा माझ्यासाठी बंदी," तो म्हणाला. शंकरने घरून आणलेली सुकेळी पुढे केली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती गोड सुकेळी सिपोने डोळे पुसत खाल्ली. तेव्हापासून दोघांची जोडी जमली.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. जहाजावरचे जर्मन प्रवासी भर हॉलमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बँड नाचाचं संगीत वाजवत होता आणि नाचायला कोणी नव्हतं. सिपो पियानोवरून वाकून म्हणाला, "भिंती पडायला लागल्यात, शंकर. आमच्या भिंतीचा नंबर कधी?"

तो नंबर फेब्रुवारीत लागला. रविवारची सकाळ होती, जहाज बार्बाडोसच्या बंदरात होतं. धक्क्याजवळच्या खाणावळीत टीव्हीपुढे गर्दी उसळली होती. मंडेला सुटणार होते. सांगितलेली वेळ टळून गेली तरी पडद्यावर नुसता रस्ता आणि ऊन. सिपो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मग तो उंच म्हातारा चालत बाहेर आला आणि खाणावळीत एकच गदारोळ झाला. कोणी टेबलं बडवली, कोणी गुडघ्यावर बसलं. सिपो मात्र उठला आणि जहाजाकडे चालू लागला. शंकर मागोमाग धावला.

प्रवासी शहर बघायला गेले होते, मोठा हॉल रिकामा होता. सिपो पियानोवर बसला आणि शंकरने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या सिपोला ऐकलं. डावा हात मोठ्या जमावासारखा पाय आपटत चालला होता आणि उजवा हात त्या जमावातल्या एकेका माणसाचं गाऱ्हाणं सांगत होता. मध्येच देवळातल्या प्रार्थनेसारखं काही येई, मध्येच पोरांचा दंगा. पंचवीस वर्षं त्याने हे कुठे सांभाळून ठेवलं होतं?

"ट्रम्पेट काढ," सिपो न थांबता म्हणाला.

"कागद कुठाय?"

"कागद नाही. तुझ्या घरचं काहीतरी वाजव."

शंकरने ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिले दोन-तीन सूर फुकट गेले. सिपो खदखदून हसला आणि त्याच चुकलेल्या सुरांना पियानोवर उचलून त्याने पुन्हा शंकरपुढे ठेवलं. आणि मग कुठून कोण जाणे, बायजा मांडवात म्हणायची ते लग्नाचं गाणं ट्रम्पेटातून बाहेर पडलं. सरळ नाही, वाकडंतिकडं, लांबवलेलं. सिपोचा जमाव त्या गाण्याला मध्ये घेऊन चालायला लागला. आपण वाजवतोय की आपल्याला कोणी वाजवतंय, हेच शंकरला कळेना. थांबले तेव्हा दाराशी स्वयंपाकी, सफाईवाले, खलाशी उभे होते.

वर्षाच्या आत सिपो मायदेशी परतला. वडील थकले म्हणून शंकरही वाडीवर आला. चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये फर्डिनंड मास्तरांच्या घरी फोन आला, तासाभराने पुन्हा करतो असा शंकरसाठी निरोप होता. शंकर सायकल मारत पोहोचला. "आज मत दिलं, शंकर," पलीकडून सिपो सांगत होता. "पन्नाशी ओलांडल्यावर पहिलं मत. रांगेचं टोक दिसत नव्हतं. आणि लोक काय करत होते सांगू? गात होते."

तीनेक वर्षांनी, जानेवारीच्या थंडीत, तो स्वतःच गिरीजला आला. उंच, पांढऱ्या दाढीचा पाहुणा. मास्तरांनी भुईगावात चर्चजवळच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्याचं वाजवणं ठेवलं. मास्तर तेव्हा ऐंशीच्या पुढचे. हॉलमधला पियानो त्यांच्यापेक्षा फारसा तरुण नव्हता. सिपोने एकेक पट्टी दाबून पाहिली. कितीतरी मुक्या होत्या.

"आता?" मास्तरांचा चेहरा उतरला.

"ज्या बोलत नाहीत, त्यांना बोलायला लावायचं नाही," सिपो म्हणाला. शंकरने ते मराठीत सांगितलं.

हॉल भरला. मास्तरांच्या शेजारच्या थेरेसाबाई आपल्या साऱ्या गोतावळ्यासह पुढे, गिरीजची बागायतदार वाडवळ मंडळी भिंतीशी, खाडीकडून आलेला ढोलवाला काळूराम दारात. आणि सिपो त्या मोडक्या पियानोवर वाजवू लागला. मुक्या पट्ट्या आल्या की तो लाकडावर टिचकी मारी, पाय आपटी, नाहीतर स्वतःच तो सूर गाई. पाहता पाहता त्या फटी गाण्याचाच भाग झाल्या. काळूराम शंकरच्या कानाशी लागला, "आरं, ह्यो मानूस पेटीशी बोलतो का भांडतो?"

शंकर ट्रम्पेट घेऊन उभा राहिला. जहाजावर त्या सकाळी वाजवलेलं तेच लग्नाचं गाणं सुरू झालं. दोन-चार आवर्तनं झाली असतील, तोच मागून एक चिरका, म्हातारा आवाज आला. बायजा उठून उभी राहिली होती.

"मांडवाच्या दारी गो, केळीचा घड गो,
लेक निघाली सासरी, पाय झाले जड गो..."

शंकरने ट्रम्पेट खाली घेतलं. सिपोने मान वळवली नाही, पण त्याचे हात एकदम हलके झाले, म्हातारीच्या श्वासाला श्वास देत तिच्यामागून चालू लागले. ती थांबली की तो थांबे. तिने सूर वर नेला की तो खाली अंथरूण घाली. हळूहळू हॉलमधल्या बायांनी ओळ उचलली, हिंदूंनी, ख्रिस्त्यांनी, साऱ्यांनीच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवरा समुद्रावर काय करत होता ते यशोदेला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. ती शंकरकडे एकटक बघत गात होती.

संपल्यावर फर्डिनंड मास्तर काठी टेकत पियानोपर्यंत गेले आणि त्यांनी त्यावर हात ठेवला. "जन्मभर हे रेडिओतून यायचं," एवढंच ते म्हणाले.

सिपो आठवडाभर राहिला. रोज बायजापाशी बसून गाणी ऐके. तिला त्याचं बोलणं कळत नसे, त्याला तिचं. पुढे मास्तर गेले, बायजा गेली. सिपोचे फोन मात्र सणासुदीला येत राहिले.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शंकर केळीला पाणी सोडत असताना मोबाइल वाजला. सिपोची मुलगी होती. बाबा गेले, आज त्यांना मातीत ठेवतोय, ती म्हणाली. "ते वाजवायचे ते गिरीजचं गाणं आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना येतं. ऐका." तिने फोन उंच धरला असावा. आधी वारा ऐकू आला, मग पितळी वाद्यं, मग शेकडो माणसांचे आवाज. शब्द त्यांच्या भाषेतले होते. चाल बायजाची होती.

"यशोदे!" शंकरने हाक मारली. ती हात पुसत आली. त्याने फोन तिच्या कानाला लावला आणि स्वतःचा कान त्याला टेकवला. दोघं केळीत तशीच उभी राहिली. वाफा भरला, पाणी बांधावरून पलीकडे वाटेवर गेलं. मोटर बंद करायला कोणी गेलं नाही.