रश्मीची तीन डागी संत्री

पांढुर्ण्यात लिहायचं काम घेऊन येणारा माणूस नेमकं काय पाहिजे ते कधी सांगत नाही. तो हात हवेत फिरवतो.

"मॅडम, थोडं भारी पाहिजे."

"भारी म्हणजे कसं?"

"म्हणजे वाचणारा म्हणला पाहिजे, का हाव, काहीतरी आहे बाप्पा."

रश्मी रामटेके नऊ वर्षांपासून हे हवेत फिरणारे हात वाचून राहिली आहे. एमए झाली, दोन वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं, मग घरीच बसून लिहून द्यायला लागली. लग्नपत्रिका, कोचिंग क्लासची पत्रकं, शाळेच्या गॅदरिंगला येणाऱ्या पाहुण्याचं भाषण, दुकानाच्या उद्घाटनाचा मजकूर. मराठीत पाहिजे तर मराठीत, हिंदीत पाहिजे तर हिंदीत. एका संत्र्याच्या नर्सरीवाल्यानं तिला सांगितलं होतं, "वेबसाईटचं असं लिहा, का झाडासारखं वाटलं पाहिजे." एका वरबापानं सांगितलं, "पत्रिका साधी पाहिजे, पण साधी दिसली नाही पाहिजे."

सुरुवातीची वर्षं ती रडकुंडीला यायची. एकेका कामाचे सात-सात खर्डे. सातवा पाठवला की उत्तर यायचं, "मॅडम, पहिलं वालंच बरं होतं."

तोड काढली ती तिच्या बाबांनी. सुधाकर रामटेके यांचं सारं आयुष्य तिगावकडच्या बगीच्यांत संत्री निवडण्यात आणि पेट्या भरण्यात गेलं. फळ हातात घेतलं की आतल्या फोडी सांगणारा माणूस, पण कागदाशी सलगी बेताचीच. एका दुपारी लेक कपाळाला हात लावून बसलेली पाहून ते पाटावर शेंगा सोलता सोलता म्हणाले,

"बाई, व्यापारी बगीच्यात येते. त्याले इचारलं कसा माल पाहिजे, तं म्हनते, अच्छा माल दिखाओ. आता अच्छा मंजे का, ते त्याले बी नाई मालूम. मंग मी का करो, पहिले एक डागी संत्रा त्याच्या हातात देओ. तो भडके. म्हने, ये क्या दे दिया, छिलका मोटा है, रंग कच्चा है, अंगूठा अंदर जा रहा है. झालं ना. का पाहिजे ते सारं त्यानंच सांगतलं."

"आणि तो चिडून निघून गेला तर?"

"चिडलेला मानूस जात नाई बाई. बोलत राह्यते."

त्या दिवसापासून रश्मीच्या प्रत्येक पहिल्या खर्ड्यात तीन डागी संत्री असतात. जाणूनबुजून घातलेली तीन चुकीची वाक्यं. कोचिंगवाल्या सरांच्या पत्रकात तिनं लिहिलं, 'आमच्याकडे मुलांवर अभ्यासाचा कोणताही ताण नसतो.' चार मिनिटांत सरांचा फोन. "ताण नसतो कसा? पहाटे पाचला उठवतो मी पोट्ट्यांना. आठवड्याला तीन टेस्ट. घरी जाऊन मायबापाला भेटतो." सर दम खाईपर्यंत इकडे पत्रक लिहून तयार.

धंदा असा मार्गी लागला. एकच गोष्ट मागे राहिली. घरात आलेली प्रत्येक पत्रिका बाबा उलटीसुलटी करून पाहत आणि विचारत, "यात तुहं नाव कोठी हाय?"

"बाबा, लिहिणाऱ्याचं नाव नसते पत्रिकेवर."

"छापनाऱ्याचं हाय ना. हे काय, खाली बारीक."

नऊ वर्षांत तिनं अख्ख्या तालुक्याची लग्नं लावली, दुकानं उघडली, पण स्वतःचं नाव छापलेलं एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हणून गौरव सरांचं काम आलं तेव्हा ती जराशी हरखलीच. सर सौंसरला राहतात, पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवतात, रोज बसनं अप-डाऊन करतात. त्या सकाळच्या बसमधले शिक्षक, नर्सबाई, बँकेतले, दुकानातले अशा तीस-चाळीस जणांची अप-डाऊन मंडळी म्हणून एक जमातच आहे. त्या बसचे कंडक्टर हिरामणभाऊ एकतीस वर्षांनी घरी बसणार होते, गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून. मंडळींनी ठरवलं, रविवारी सौंसरला सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि काचेच्या फ्रेममध्ये मानपत्र.

"मॅडम, मानपत्र तुम्ही लिहा. आणि खाली लेखन म्हणून तुमचं नाव टाकू."

"सर, मी हिरामणभाऊंना दोनदाच पाहिलं आहे. माणूस कसा आहे, काही सांगा."

गौरव सरांचा हात हवेत गेला. "माणूस म्हणजे... एकदम भारी माणूस. तुम्ही लिहा ना, तुम्हाले तर समजते सगळं. फक्त त्यांना कळू देऊ नका, सरप्राइज आहे."

रश्मीनं नेहमीसारखी तीन डागी संत्री निवडली. एक, 'मितभाषी स्वभावाचे हिरामणजी प्रवाशांशी केवळ कामापुरतेच बोलत.' दोन, 'वेळेच्या शिस्तीपायी त्यांनी एकाही प्रवाशासाठी कधी क्षणभरही गाडी थांबवली नाही.' तीन, 'प्रवाशांच्या खाजगी गोष्टींत त्यांनी कधी लक्ष घातले नाही.' भोवती 'कर्तव्यतत्पर', 'व्रतस्थ' असे चारदोन जड शब्द पेरले आणि बुधवारी व्हॉट्सअॅपवर पाठवून दिलं. खाली लिहिलं, 'चुका सांगा.' मग वही उघडून फोनची वाट पाहत बसली.

फोन आला नाही. अंगठा आला. त्याच्यामागे दोन जोडलेले हात.

गौरव सर कोणी वारल्याच्या बातमीलाही अंगठाच पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे पोचलं, वाचतील, मग भडकतील. तिनं गुरुवारी विचारलं, उत्तर 'सांगतो'. शुक्रवारी विचारलं, पुन्हा अंगठा. शनिवारी संध्याकाळी फोटो आला. सोनेरी पट्टीची फ्रेम, आत तिचा खर्डा जसाच्या तसा, तिन्ही डागांसकट. आणि अगदी खाली ठळक अक्षरांत 'लेखन : रश्मी सुधाकर रामटेके'.

तिनं लगोलग फोन लावला. "सर, ते कच्चं होतं. त्यात चुकीचं लिहिलेलं आहे, मी मुद्दाम लिहिलं होतं."

"चुकीचं कायले लिहाल मॅडम तुम्ही? मी पाहिलं ना. शब्द एकदम भारी आहेत. व्रतस्थ वगैरे."

"वाचलं का तुम्ही?"

"मानपत्र कोणी वाचते का हो, ऐकते. आणि नागपूरहून फ्रेम करून आणली, आता कुठं बदलता? मानपत्रात तसंही कोण खरं लिहिते?"

बाबांनी तो फोटो पाहिला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिला. आपलं नाव लेकीच्या नावात अडकून छापलेलं आहे, हे त्यांना उमगलं तेव्हा ते उठून आईला म्हणाले, "मालती, माह्या पांढऱ्या सदऱ्याले इस्त्री मार. मी जातो उद्या बाईसंगं."

आता न जाण्याची सोय उरली नाही. नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते तीन खोट्यांच्या खाली, आणि ते ऐकायला बाप इस्त्री करून निघालेला. बसमध्ये जामसांवलीच्या मारुतीचा फाटा आला तशी रश्मी म्हणाली, "बाबा, आज डागी माल पेटीत भरल्या गेला."

"तुह्या हातानं?"

"हाव."

"मंग पेटी उघडताना तूच समोर राहाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेरचे बगीचे पाहू लागले.

सौंसरच्या सभागृहात शंभरेक माणसं होती. हिरामणभाऊंना फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसवलं होतं आणि तिथूनही त्यांचं काम चालू होतं. "ओ लंबे वाले भाऊ, पुढं सरका, मागं जागा होऊ द्या." शाल झाली, श्रीफळ झालं. गौरव सरांनी घसा साफ करून फ्रेम हातात घेतली.

"मितभाषी स्वभावाचे हिरामणजी प्रवाशांशी केवळ कामापुरतेच बोलत."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. रश्मीनं मान खाली घातली. गौरव सरांना वाटलं, दाद आली. त्यांनी आवाज चढवला.

"वेळेच्या शिस्तीपायी त्यांनी एकाही प्रवाशासाठी कधी क्षणभरही गाडी थांबवली नाही."

"थांबा, थांबा." हिरामणभाऊ उठून उभे राहिले. फेटा कानावर आला. "गौरव सर, हे कोनाचं मानपत्र हाय? माहं तं नाई. मी गाडी नाई थांबवली? या उर्मिला सिस्टरले इचारा. यायच्या दारासमोर उभं राहून मी रोज हॉर्न मारायले लावो. कोनं लिवलं हे?"

गौरव सरांनी फ्रेमच्या खाली पाहिलं. दुसरं काही सुचेना, म्हणून जे लिहिलं होतं तेच वाचलं. "लेखन, रश्मी सुधाकर रामटेके."

रश्मीच्या शेजारी बाबांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. रश्मी उठली.

"मीच लिहिलं भाऊ. चुकीचं आहे, ते मला माहीत होतं. तुम्ही कसे आहात ते मला कोणी सांगेना, म्हणून उलटं लिहून पाठवलं, का कोणीतरी चिडेल आणि खरं सांगेल. कोणी चिडलं नाही."

"मी चिडलो ना आता," हिरामणभाऊ म्हणाले.

"मग सांगा. वही आहे माझ्याकडे."

पहिल्यांदा उर्मिला सिस्टर उठल्या. "लिहा मॅडम. दारासमोर थांबत, हे खरं. आणि माझी आंघोळ व्हायची असली तर गाडीतल्या लोकांना सांगत, सिस्टरचे केस वाळून राहिले, दोन मिनिटं थांबा."

"माझा डबा घरी राहिला होता," बँकेतले मुकुंदराव म्हणाले. "फाट्यावरून गाडी मागं फिरवली. तीस माणसं घेऊन डब्यासाठी."

"डबा नाई, चष्मा," हिरामणभाऊंनी दुरुस्त केलं. "डब्यासाठी मी गाडी फिरवत नसतो. डबा तं मी माहा दिला असता."

"आणि मितभाषी म्हणे. आमच्या लेकीचं, भाग्यश्रीचं, स्थळ बसमध्ये यांनीच जमवलं. दोन सीट सोडून बसलेल्या माणसाला ओरडून विचारलं, तुमचा पोरगा अजून मोकळा आहे का," मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"पोरगा चांगला निघाला का नाई?"

"निघाला ना."

"मंग तक्रार कायची?"

आता हात हवेत नव्हते, बोटं होती, आणि प्रत्येक बोट काहीतरी नेमकं दाखवत होतं. परीक्षेच्या दिवसांत पोरींना पुढच्या सीटवर बसवून उत्तरं घोकून घेणारे हिरामणभाऊ. शनिवारी जामसांवलीला दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यांना हात धरून उतरवणारे, आणि उतरवताना त्यांच्या सुनांची चौकशी करणारे. रश्मी लिहीत होती. बाबा पानं धरून बसले होते. अर्ध्या तासानं ती उभी राहिली आणि तिनं वाचलं. जड शब्द एकही नव्हता. 'यांनी एकतीस वर्षं बस कधी वेळेवर सोडली नाही, आणि त्यामुळे कोणी मागे राहिलं नाही,' या वाक्याला हिरामणभाऊंनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आता बराबर हाय," ते म्हणाले. "पन फ्रेमचं काय?"

हिरामणभाऊंच्या बसच्या ड्रायव्हरनं बाहेर उभ्या गाडीतून पेचकस आणला आणि फ्रेमचे स्क्रू फिरवले. मागची पाटी निघाली. छापलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर रश्मीनं तिथंच, टेबलावर, हातानं सारं उतरवलं, आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

त्या मानपत्राला आता दोन्ही बाजूंनी काच आहे. हिरामणभाऊंच्या सौंसरच्या घरी कोणी गेलं की ते चहाआधी छापलेली बाजू वाचायला देतात आणि तोंडाकडे पाहत बसतात. पाहुणा 'वा, छान' म्हणाला तर त्याला नुसता चहा मिळतो. 'हे तर तुमच्यासारखं नाही,' असं म्हणाला, तर फ्रेम उलटते आणि सोबत चिवडा येतो.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये रश्मीनं विचारलं, "बाबा, पाहिलं का नाव?"

"पाह्यलं. दोन्हीकडं हाय." मग बरंच पुढं गेल्यावर, तिच्याकडे न पाहता, "पन हातानं लिवलं त्यात सुधाकरचा धा बारीक झाला."

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्या लिहिण्यातली चूक काढत होता. रश्मीनं वही उघडली आणि म्हणाली, "सांगा, कसा पाहिजे होता?"